विंडोज आणि मॅकसाठीचे इन्स्टॉलर बंद करू नका : सुकाणू समितीला खुले पत्र

प्रति,
सुकाणू समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आकृत्या काढण्याच्या आपल्या प्रोग्रामच्या पुढील मुख्य आवृत्तीपासून विंडोज आणि मॅकओएस या प्रणालींसाठी अधिकृत इन्स्टॉलर दिले जाणार नाहीत, असे समितीने जाहीर केले आहे. सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर) पूर्वीसारखाच खुला राहील आणि ज्याला हवा असेल त्याने तो आपल्या प्रणालीवर स्वतः कंपाइल करून, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम बनवून, घ्यावा, अशी पुस्तीही या निर्णयाला जोडलेली आहे. निर्णयामागची भूमिका थोडक्यात अशी : विंडोजसारख्या कंपनीच्या मालकीच्या प्रणालीवर मुक्त सॉफ्टवेअर (जे कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येते ते) देणे म्हणजे त्या प्रणालीत राहणाऱ्याची सोय करणे, सोय झाली की माणूस तिथून हलत नाही, आणि म्हणून आपल्या कष्टांचे फळ शेवटी त्या प्रणालींच्या मालकांच्याच पदरात पडते. ही भूमिका प्रामाणिकपणे मांडलेली आहे आणि तिच्यामागे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची जुनी काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही निर्णय चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि तो अमलात येण्यापूर्वी त्याविरुद्ध उघडपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी प्रोग्रामर नाही. या प्रकल्पाच्या मदतपुस्तिकेतील काही प्रकरणे मी लिहिली आहेत, नव्या वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या गटात मी काम करते, आणि माझा चरितार्थ अभ्याससाहित्यासाठी आकृत्या काढण्यावर चालतो. घरच्या संगणकावर मी लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरते. कामाच्या ठिकाणची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र मी निवडलेली नाही आणि ती बदलण्याचा अधिकारही मला नाही. आकृत्या कोणत्या प्रोग्रामने काढायच्या, एवढेच तिथे माझ्या हातात आहे. आपला प्रोग्राम तिथे वापरण्याची परवानगी मिळवताना मला दोन गोष्टी दाखवाव्या लागल्या. एक, प्रकल्पाने स्वतः तयार करून डिजिटल स्वाक्षरीसह दिलेला इन्स्टॉलर. आणि दुसरी, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच मार्गाने वेळेवर मिळतात याची खात्री. समितीच्या निर्णयाने या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी नाहीशा होतील. त्यानंतर संगणक विभाग आमच्या टेबलांवर लिनक्स बसवून देईल, असे समितीला खरोखर वाटते का? तो विभाग मालकीच्या एखाद्या प्रोग्रामची वार्षिक वर्गणी भरेल, आणि आजवर खुल्या फॉरमॅटमध्ये असलेले आमचे काम हळूहळू त्या प्रोग्रामच्या बंद फॉरमॅटमध्ये जमा होऊ लागेल.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. संगणकासमोर बसणारी व्यक्ती आपली ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः निवडते, हे समितीने न तपासता गृहीत धरले आहे. बहुतेक संगणक विकले जातानाच एखादी प्रणाली घेऊन येतात. कार्यालयात ती व्यवस्थापन ठरवते, शाळेत संस्था ठरवते आणि घरी पुष्कळदा कुटुंबातील दुसरेच कोणी ठरवते. प्रोग्रामचे तसे नाही. तो एकट्याने, एका दुपारी, कोणाचेही काही न बिघडवता बदलता येतो. ज्याच्या हातात फक्त प्रोग्रामचा निर्णय आहे त्याला प्रणालीचा निर्णय घेतला नाही म्हणून शिक्षा द्यायची, असा या धोरणाचा प्रत्यक्षातला अर्थ होतो. आपला प्रोग्राम मिळाला नाही म्हणून कोणी संगणक पुसून नवी प्रणाली बसवत नाही. तो दुसरा प्रोग्राम घेतो. शंकानिरसनाच्या गटात येणाऱ्या प्रश्नांचा सूर पाहिला तरी हे कळते. तिथे माणसे ‘हे चित्र निर्यात कसे करायचे’ असे विचारत येतात आणि मुक्त प्रणालींविषयीची त्यांची पहिली चौकशी, झालीच तर, बऱ्याच महिन्यांनी होते.

दुसरा आक्षेप इतिहासाविषयी आहे, कारण समितीने निवेदनात चळवळीच्या मूळ तत्त्वांचा आधार घेतला आहे. चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये संपूर्ण मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्या प्रकल्पाकडे स्वतःची कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नव्हती. ग्नू ईमॅक्स हे मजकूर-संपादक १९८५ मध्ये आले, जीसीसी हा कंपाइलर १९८७ मध्ये आला, आणि लिनस टोरवाल्ड्स यांची लिनक्स कर्नल १९९१ मध्ये. मधली सगळी वर्षे ग्नूची साधने निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीच्या युनिक्स प्रणालींवर लिहिली गेली, तिथेच वापरली गेली आणि तिथेच नावारूपाला आली. पुढे अशीच युनिक्स यंत्रे विकणाऱ्या सन कंपनीने आपल्या प्रणालीबरोबर सी कंपाइलर देणे थांबवून तो वेगळा विकायला काढला, तेव्हा अनेकांनी जीसीसीचा आधार घेतला तो सनच्या यंत्रांवरच. जीपीएल या ग्नूच्या मुक्त परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर यासाठी स्पष्ट सवलत आहे : ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोग्राम चालतो तिच्यासोबत नेहमी येणाऱ्या मुख्य घटकांचा, म्हणजे कर्नल, कंपाइलर इत्यादींचा, सोर्स कोड देण्याचे बंधन प्रोग्राम वाटणाऱ्यावर नाही. मालकीच्या प्रणालीवर मुक्त प्रोग्राम चालणार, हे परवाना लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

यावर समिती म्हणेल की तेव्हा पर्याय नव्हता, आज आहे. उत्तर रास्त आहे, पण अपुरे आहे. मुक्त प्रणाली जगात उपलब्ध असणे आणि ती एखाद्या कर्मचाऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या यंत्रावर उपलब्ध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दुसऱ्या अर्थाने पाहिले तर आजही असंख्य माणसे १९८७ मध्येच उभी आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. प्रसार म्हणजे काय आणि तो कशावरून मोजायचा, याविषयी समितीचा हिशेब अपुरा आहे. निवेदनात म्हटले आहे की इतकी वर्षे विंडोजसाठी प्रोग्राम देऊनही डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा नगण्यच राहिला. संकेतस्थळांच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत हा वाटा ४ टक्क्यांच्या पुढे गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेव्हा आकड्यांबद्दल मी वाद घालत नाही. पण तो वाटा मुख्यतः संगणकासोबत कोणती प्रणाली येते यावर ठरतो आणि कोणत्याही एका प्रोग्रामकडे तो हलवण्याची ताकद नाही. प्रोग्राम दुसरे काम करू शकतो : तो खुल्या मानकांमागे संख्या उभी करतो. आणि त्या संख्येचा लाभ शेवटी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना मिळतो.

फायरफॉक्स या मुक्त ब्राउझरचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास होता, आणि कित्येक संकेतस्थळे त्या एकाच ब्राउझरसाठी, त्यातही ॲक्टिव्हएक्स या विंडोजपुरत्या तंत्राच्या भरवशावर बांधलेली होती. लिनक्स वापरणाऱ्याला तिथे प्रवेशच नव्हता. ही स्थिती बदलली ती कोट्यवधी लोकांनी विंडोजवर फायरफॉक्स बसवले म्हणून. कारण संकेतस्थळ चालवणाऱ्याला इतक्या ग्राहकांकडे पाठ फिरवणे परवडणारे नव्हते. एका वर्षाच्या आत फायरफॉक्सची १० कोटी डाउनलोड झाली. तो ब्राउझर केवळ मुक्त प्रणालींसाठी काढला असता, तर त्या मूठभर वापरकर्त्यांसाठी कोणी आपली पाने पुन्हा लिहिली नसती. आज लिनक्सवर बसून बँकेचे व्यवहार करता येतात, यात विंडोजवरच्या त्या वापरकर्त्यांचा वाटा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी लिनक्स कधी पाहिलेही नसेल.

दस्तऐवजांच्या बाबतीत हेच सावकाश घडले. ओपनऑफिस या मुक्त कार्यालयीन प्रोग्रामची १.० आवृत्ती २००२ मध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर आली, आणि तिच्या फॉरमॅटमधून घडलेले ओडीएफ हे खुले फॉरमॅट २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक झाले. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये आपल्या विंडोज यंत्रांवर ओपनऑफिस आणले, पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि ईमेलसाठीचे थंडरबर्ड आणले, आणि माणसांचा हात या प्रोग्रामांवर बसल्यानंतर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवायला सुरुवात केली. २०१३ पर्यंत सुमारे ३७,००० यंत्रे बदलली होती. जर्मनीतील श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी जाहीर केलेला क्रमही तसाच आहे : आधी लिबरऑफिस हा मुक्त कार्यालयीन प्रोग्राम, मग लिनक्स. प्रणाली बदलण्याच्या दिवशी वापरणाऱ्याच्या रोजच्या खिडक्या त्याच राहिल्या तर तो बदल निभावतो. प्रणाली, प्रोग्राम आणि फाइलींचे फॉरमॅट एकाच सोमवारी बदलले तर बंड होते.

हा क्रम आपोआप पुढे सरकतो, असा माझा दावा नाही. म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, २०१३ मध्ये सुमारे १५,००० यंत्रांचे स्थलांतर पूर्ण झाल्याचे जाहीर केले, आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. मालकीच्या प्रणालीवरील सोय माणसाला जागीच धरून ठेवू शकते, यातही तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजमध्येच लिनक्सची साधने चालवण्याची व्यवस्था आणली, तेव्हा ज्या प्रोग्रामरांना केवळ त्या साधनांसाठी लिनक्स लागत होते त्यांची विंडोज सोडण्याची गरज कमी झाली. समितीची भीती कुठून येते हे मला त्यावरून समजते. परंतु ती व्यवस्था प्रणालीच्या मालकाने स्वतःच्या सोयीसाठी बांधली. आपण इन्स्टॉलर काढून घेतल्याने तिच्यात काडीचाही फरक पडणार नाही. फरक पडेल तो आकृत्या काढणाऱ्या, नकाशे रंगवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांना, ज्यांना टंकलेल्या आदेशांनी चालणाऱ्या त्या साधनांशी कर्तव्य नाही.

चौथा आक्षेप : ‘ज्याला हवे त्याने कंपाइल करावे’ ही पुस्ती निरुपद्रवी नाही. अधिकृत इन्स्टॉलरची जागा रिकामी राहत नाही. जिंप या चित्रसंपादनाच्या मुक्त प्रोग्रामच्या बाबतीत हे सर्वांनी पाहिले आहे. सोर्सफोर्ज या प्रोग्राम वाटणाऱ्या संकेतस्थळावरील जाहिरातींना आणि तिथल्या इन्स्टॉलरच्या पद्धतीला कंटाळून विंडोजसाठीच्या जिंपचे वितरण २०१३ मध्ये तिथून हलवण्यात आले. आणि २०१५ मध्ये असे उघडकीस आले की तेच जुने पान सोर्सफोर्जने आपल्या ताब्यात घेऊन जाहिरातबाज प्रोग्राम जोडलेले इन्स्टॉलर तिथून वाटायला सुरुवात केली होती. तिथे निदान प्रकल्पाकडे लोकांना दाखवायला स्वतःचा स्वच्छ इन्स्टॉलर होता. आपल्याकडे तोही नसेल. आपल्या नावाखाली कोणी काय वाटले, याचा जाब मात्र नवे वापरकर्ते आपल्याच गटात येऊन विचारतील, आणि त्यांना उत्तर देण्याचे काम समितीतल्या कोणाकडे येणार नसून ते माझ्यासारख्यांकडे येणार आहे.

पाचवी तक्रार निर्णयाच्या पद्धतीविषयी आहे आणि ती थोडक्यात सांगते. विंडोज आणि मॅकचे बिल्ड (त्या प्रणालींसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम) सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना, मदतपुस्तिकेच्या लेखकांना किंवा भाषांतरकारांना निर्णयापूर्वी विचारले गेले नाही. निवेदनात तत्त्वाचे कारण पुढे आहे आणि मनुष्यबळाचे कारण शेवटच्या परिच्छेदात. खरे कारण दुसरे असेल तर ते आधी सांगायला हवे होते, कारण तत्त्वावर वाद होतो आणि मनुष्यबळावर उपाय निघतो.

मनुष्यबळाची अडचण खोटी आहे, असे मी म्हणत नाही. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, ॲपलच्या विकासक-नोंदणीला दरवर्षी शुल्क लागते, मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲपलकडून पडताळणी न झालेला प्रोग्राम मॅकवर सहजी उघडत नाही, आणि स्वतः न वापरत असलेल्या प्रणालीवरचे दोष शोधणे हे कोणालाही कंटाळवाणेच. मात्र याच बाबतीत कृटाचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. चित्रकारांसाठीचा हा मुक्त प्रोग्राम केडीई या मुक्त प्रकल्पाच्या परिवारात, लिनक्सवर वाढला. आज तो स्वतःच्या संकेतस्थळावरून सर्व प्रणालींसाठी विनामूल्य मिळतो. स्टीम आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तोच पैसे घेऊन दिला जातो, आणि त्या विक्रीतून विकासकांच्या वेतनाला हातभार लागतो. तिथे लिहिला गेलेला प्रत्येक ब्रश लिनक्सवरही चालतो. विंडोजवरचे वापरकर्ते हा प्रकल्पावरचा निव्वळ बोजा असतो, हे विधान म्हणून तरी मागे घ्यावे.

एका बाबतीत मी समितीच्या बाजूने आहे. ज्या वितरणमार्गाच्या अटी परवान्यातील हक्कांनाच कात्री लावतात, तिथे आपण जाऊ नये. व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरमधून हटवले गेले ते त्याच्याच एका विकासकाने जीपीएल आणि स्टोअरच्या अटी यांतील विरोधावर बोट ठेवल्यामुळे. २०१३ मध्ये ते परतले ते परवान्यांत बदल केल्यानंतर. असा प्रश्न आला तर समितीने ठाम नकार द्यावा, मी पाठिंबा देईन. संकेतस्थळावरून थेट मिळणाऱ्या इन्स्टॉलरला मात्र या अडचणी लागू होत नाहीत. तो घेणाऱ्याला चारही स्वातंत्र्ये मिळतात : प्रोग्राम चालवण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि बदलून वाटण्याचे. त्याची प्रणाली मालकीची आहे म्हणून ही स्वातंत्र्ये खोटी ठरत नाहीत. ती अपुऱ्या पायावर उभी आहेत, एवढेच म्हणता येईल.

वेळेबद्दलही बोलले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे चांगली चालणारी असंख्य यंत्रे अडचणीत आली आहेत, आणि ती लिनक्सवर आणण्यासाठी ‘एंड ऑफ १०’ सारख्या मोहिमा सुरू झाल्या आहेत. या काळात प्रणाली बदलायला सर्वांत तयार असणारा माणूस कोण, तर ज्याचा ब्राउझर, कार्यालयीन प्रोग्राम आणि आकृत्यांचा प्रोग्राम विंडोजवर असतानाच मुक्त झालेला आहे तो. ओढ्यात घातलेल्या दगडांवरून पलीकडे येणाऱ्यांची ये-जा नुकती वाढली असताना आपण आपला दगड काढून घेत आहोत.

आपण आजवर ज्या ठिकाणी खरोखर कमी पडलो, त्याचा निवेदनात उल्लेख नाही. विंडोजवर आपला प्रोग्राम वापरणाऱ्या अनेकांना तो मुक्त आहे म्हणजे नेमके काय, याची कल्पना नसते. कारण आपण ते कुठेच सांगत नाही. आपला विंडोज इन्स्टॉलर जीपीएलचा पूर्ण मजकूर दाखवतो आणि खाली ‘मला मान्य आहे’ असे बटण ठेवतो, जणू ती वापरकर्त्यावर लादलेल्या अटींची यादी आहे. वस्तुतः जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नवव्या कलमात स्वच्छ म्हटले आहे की प्रोग्राम मिळवण्यासाठी किंवा चालवण्यासाठी हा परवाना मान्य करण्याची गरज नाही. मुक्त सॉफ्टवेअरशी ज्याची पहिलीच भेट आहे त्याच्यासमोर आपण मालकीच्या कंपन्यांचीच पोझ घेऊन उभे राहतो, आणि नंतर त्याला काही कळले नाही म्हणून इन्स्टॉलरलाच दोष देतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

हा निर्णय तूर्त स्थगित करावा आणि बिल्ड सांभाळणारे, लेखक, भाषांतरकार व वापरकर्ते यांच्याशी खुली चर्चा करून मगच त्यावर मतदान घ्यावे. चर्चेचा निष्कर्ष काहीही निघाला तरी, सध्याच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या सर्व प्रणालींसाठी पुढील किमान एक वर्ष अधिकृतपणे द्याव्यात. कार्यालयांना आणि शाळांना पर्यायी व्यवस्था करायला एवढा अवधी लागतोच.

अडचण मनुष्यबळाची किंवा पैशांची असेल तर तिचा हिशेब मांडून मदतीचे जाहीर आवाहन करावे. कृटाच्या धर्तीवर विंडोजची आवृत्ती एखाद्या स्टोअरमधून सशुल्क देण्याचा विचार व्हावा. मात्र संकेतस्थळावरील विनामूल्य इन्स्टॉलर कायम राहावा, आणि परवान्याशी विसंगत अटींचे स्टोअर टाळावे.

समितीची मूळ काळजी नियमात उतरवावी. कोणतीही सुविधा केवळ मालकीच्या प्रणालीसाठी लिहिली जाऊ नये, नवी आवृत्ती मुक्त प्रणालींवर आधी किंवा त्याच दिवशी यावी, विंडोजवरच्या दोषांमुळे लिनक्सची आवृत्ती अडकू नये, आणि साठवण्याचा मूळ फॉरमॅट सर्वत्र खुला आणि एकच असावा. यामुळे मालकीच्या प्रणालीवर राहण्याचे जादा आमिष आपल्याकडून दिले जाणार नाही.

शेवटची मागणी इन्स्टॉलरच्या त्या परवान्याच्या पानाविषयी आहे. ‘मला मान्य आहे’ हे बटण काढून त्या जागी, वापरकर्त्याला कोणते हक्क मिळाले आहेत आणि हाच प्रोग्राम, त्याच्या याच फाइलींसह, कोणकोणत्या मुक्त प्रणालींवर चालतो, हे दहा ओळींत सांगणारे पान द्यावे. त्याचा मसुदा मी मदतपुस्तिकेच्या गटाकडे पाठवला आहे. प्रत्येक आवृत्तीपूर्वी विंडोजच्या बिल्डची चाचणी करण्याच्या कामातही मी माझे नाव देत आहे. पुढच्या आवृत्तीची सुविधा-यादी बंद होण्यापूर्वी समितीने या पत्राला जाहीर आणि मुद्देसूद उत्तर द्यावे, ही विनंती.

कळावे,

आपली,
मदतपुस्तिकेची एक लेखिका